प्रश्न गरवणाऱ्यांचे : बोनफिश आधी दिसायला हवा

मागच्या अंकात फ्लोरिडा आणि बहामाच्या उथळ पाण्यातल्या बोनफिशविषयी चार ओळी छापल्या आणि त्यावर बरीच पत्रं आली. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घोट्यापासून मांडीपर्यंतच्या स्वच्छ पाण्यात हा मासा चरायला येतो. त्याला नजरेने हुडकायचं आणि मगच त्याच्या वाटेत आमिष ठेवायचं. गळ सोडून गप्पा मारत बसायची ही गरवणी नाही. या अंकात जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, तेच घेतले आहेत.

फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या कीज बेटांवर गाइड घेऊन दिवसभर हिंडलो. तो "अकरा वाजता, चाळीस फूट" असं ओरडत होता आणि मला फक्त पाणी दिसत होतं. गॉगल चांगला महागाचा, काळ्या काचांचा होता. माझ्या डोळ्यांत दोष आहे का?
*— एक वाचक, टॅम्पा*

डोळे ठीक असावेत. काच चुकली आणि तुम्ही पाहत होतात तीही जागा चुकली.

आधी काचेचं बघू. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेत ध्रुवित असतो आणि पोलराइज्ड काच नेमका तोच अडवते. काच फक्त काळी असेल तर ती चकाकी आणि मासा दोन्ही सारखेच अंधुक करते. पोलराइज्ड काचेतही रंग महत्त्वाचा. फ्लॅट्सवर, म्हणजे समुद्रातल्या या उथळ पठारांवर, तांबूस किंवा अंबर काच घ्यावी, कारण वाळू, गवत आणि माशाची पाठ यांतला फरक तिच्यातून उठून दिसतो. ढगाळ हवेत किंवा सकाळी लवकर पिवळसर काच लागते. राखाडी काच खोल समुद्रात बोटीवर ठीक आहे, इथे तिचा उपयोग कमी. गॉगलच्या बाजूने येणारा उजेड काचेच्या आतल्या पृष्ठावर पडतो, म्हणून चेहऱ्याला घट्ट बसणारी फ्रेम घ्या. टोपीच्या कडेची खालची बाजू गडद असू द्या. ती पांढरी असेल तर पाण्याचा उजेड तिच्यावर आदळून पुन्हा डोळ्यांतच येतो.

काचेलाही मर्यादा आहे, ती दुकानदार सांगत नाही. ही चकाकी जवळजवळ पूर्ण कापली जाते ती लंबापासून साधारण 53 अंशांच्या कोनात. तुम्ही पाण्यात उभे असाल आणि डोळे पाण्यापासून दीड-पावणेदोन मीटरवर असतील, तर हा कोन तुमच्यापुढे फक्त दोन-सव्वादोन मीटरवर पडतो. त्यापलीकडे काच मदत करते, पण कमी कमी होत जाते. तुमच्याआधी गाइडला मासा दिसतो त्याचं एक कारण हेच. तो मागच्या बाजूला इंजिनावरच्या मचाणावर उभा राहून लांब काठीने बोट ढकलत असतो. म्हणून बोटीत बसून पाहू नका, नाकाडावर उभे राहा. अधूनमधून मान डावी-उजवीकडे कलवूनही पाहा. आकाशाचा प्रकाश दिशेप्रमाणे बदलतो, त्यामुळे मान थोडी तिरकी केली की कधी कधी एखादा पट्टा एकदम स्वच्छ होतो.

आता नजर कुठे लावायची ते. बहुतेक जण पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहतात. पाहायचा तो तळ. बोनफिशच्या कुशीवरचे खवले आरशासारखे असतात, वाळूवर तो वाळूच होतो आणि गवतावर गवत. पण त्याच्या सावलीला ही युक्ती येत नाही. उन्हात पांढऱ्या वाळूवर एक करडा, लांबट डाग सरकताना दिसतो, ती सावली. मासा तिच्यापासून हातभर बाजूला असतो. गवताळ तळावर सावली हरवते. तिथे गवताच्या पात्यांच्या उलट दिशेने काही सरकतंय का, ते पाहायचं. दगड, गवताचे पुंजके आणि बुडालेल्या फांद्या जागच्या हलत नाहीत. संशय आला तर त्या डागाशेजारची एखादी खूण धरा आणि तीन आकडे मोजा. अंतर बदललं तर तो मासा.

फसवणारे बरेच असतात. काठीसारखा ताठ, एका जागी लटकलेला दिसला तर बॅराकुडा. पृष्ठभागाजवळ घोळक्याने फिरणारी आणि मध्येच उडी मारणारी ती आपली बोय. शेपटी सारखी डावी-उजवीकडे फेकत, नागमोडी जाणारी तपकिरी आकृती म्हणजे लहान मुशी. बोनफिश चार हात जातो, थांबतो, नाक खाली खुपसतो, पुन्हा पुढे. उथळ पाण्यात नाक खाली गेलं की दुभागलेली चंदेरी शेपटी बाहेर येते आणि थरथरते. याला टेलिंग म्हणतात. वारा पडलेल्या सकाळी वीतभर पाण्यावर ही शेपटी सगळ्यात सहज दिसते. कळप एकाच जागी तळ उकरत असला, तर तिथे पाण्यात दूध सांडल्यासारखा पांढरा गढूळपणा पसरतो. पाण्याचा एखादाच तुकडा विनाकारण शहारल्यासारखा दिसला, तर त्याखालून कळप चाललाय असं समजा.

ऊन पाठीशी असावं, आणि दहा ते तीन ही वेळ नव्या माणसाला सोपी. मोठा ढग सूर्यावर आला की फिरणं थांबवा. त्या पाच मिनिटांत मासा तुम्हाला दिसत नाही, पण तुम्ही त्याला दिसता.

राहिलं "अकरा वाजता". बोटीचं नाकाड म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा नऊ. पहिला मासा येण्याआधीच गाइडला सांगा की मी एक लाइन (आमिष पुढे नेणारी जाड दोरी) टाकतो, ती किती फूट झाली ते सांगा. त्याचे चाळीस फूट आणि तुमचे चाळीस फूट एक असतीलच असं नाही. आणि मासा दिसला नाही तर "दिसला, दिसला" म्हणू नका. रॉडचं टोक गाइड म्हणतो त्या दिशेला धरा. तो "थोडं डावीकडे" असं म्हणत टोक माशावर आणून देतो. टोकाच्या रेषेत पाहिलं की बहुधा दिसतो. भिडेपोटी होकार देऊन अंदाजाने टाकलेली लाइन माशाच्या डोक्यावर पडते.

मार्चमध्ये बहामातल्या अँड्रॉस बेटावर जायचं आहे. इथे पुण्यात मैदानावर सराव करता येईल का? कुठलं सामान घेऊ?
*— पुणे*

येईल, आणि करूनच जा. तिथे मासे भरपूर असतात, कमी पडते ती टाकण्याची सवय.

रॉड नऊ फुटी, आठ वजनाचा, म्हणजे आठ नंबरची लाइन पेलणारा. लाइन पुढून जड, तरंगणारी, आणि तिच्यावर उष्ण प्रदेशासाठीची असं लिहिलेलंच असलं पाहिजे. थंड पाण्याची लाइन उन्हात मऊ पडते, कड्यांना चिकटते आणि डेकवर शेवयांसारखी गुंतते. रीलवर 20 पौंड ताण सोसणारं बॅकिंग, म्हणजे लाइनमागचा राखीव दोरा, किमान 180 मीटर हवं, कारण पहिल्या धावेत मासा शंभर मीटर सहज नेतो. पुढचा तंगूस नऊ ते बारा फुटांचा, शेवटचा तुकडा 12 पौंडांचा फ्लुरोकार्बन. वारा पडला असेल तर लांब, वाहत असेल तर आखूड. खडक किंवा प्रवाळ असेल तिथे 16 पौंड.

फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि चमकी गळावर बांधून केलेली खोटी कोळंबी. अँड्रॉससाठी 2, 4 आणि 6 नंबरचे गळ न्या. रंग तळासारखा ठेवा. पांढऱ्या वाळूवर फिकट, पांढरा किंवा गुलाबीसर, गवतावर तपकिरी. 'क्रेझी चार्ली' आणि 'गॉचा' हे दोन प्रकार असले तरी काम भागतं. 'क्रेझी चार्ली' 1970च्या दशकात अँड्रॉसवरच जन्मला आणि तिथल्या चार्ली स्मिथ या गाइडच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या डोळ्यांच्या जागी मण्यांच्या साखळीचे दोन मणी असतात. त्यांच्या वजनाने गळाचं टोक वर राहतं आणि गवतात अडकत नाही. खरं तर रंगापेक्षा वजनच जास्त बघायचं. घोटाभर पाण्यात बिनमण्यांचा फ्लाय, गुडघाभर पाण्यात मण्यांचा, मांडीभर पाण्यात शिशाच्या डोळ्यांचा. जड फ्लाय उथळ पाण्यात 'टप्' आवाज करतो आणि मासा पळतो. हलका फ्लाय खोल पाण्यात तळाला पोचेपर्यंत मासा पुढे गेलेला असतो.

सराव असा करा. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. गवत ओलं असताना जा, कोरड्या मुरमावर लाइन खरवडते. पंधरा मीटर लाइन पायाशी काढून ठेवा, रॉडच्या टोकाबाहेर तीन मीटर, लोकर डाव्या हाताच्या चिमटीत. बारा मीटरवर तीन ताटल्या वेगवेगळ्या दिशांना ठेवा. मित्राला "दोन वाजता", "अकरा वाजता" असं ओरडायला सांगा. ओरडल्यापासून सहा सेकंदांत, हवेत जास्तीत जास्त दोनदा लाइन झुलवून, लोकर ताटलीच्या हातभर आत पडली पाहिजे. पाच-सहा वेळा झुलवत राहिलात तर मैदानावर छान दिसतं, पण फ्लॅटवर तेवढ्यात मासा लाइनची सावली पाहून निघून जातो.

हे जमलं की वाऱ्याच्या दिवशी जा. बहामात ताशी 30 किलोमीटरचा वारा काही विशेष नाही. वारा उजव्या बाजूने आला तर उजव्या हाताने टाकणाऱ्याचा गळ त्याच्याच कानाकडे येतो. तेव्हा पाठ फिरवून मागच्या झोक्यावरच लाइन सोडायची. हेही मैदानावरच शिका. वीस मीटर टाकता येण्यापेक्षा वाऱ्यात बारा मीटर नेमके टाकता येणं जास्त कामाचं.

बहामात परदेशी माणसाला फ्लॅट्सवर गरवायला परवाना लागतो. लॉजवाले काढून देतात का, ते आधी विचारून घ्या. आणि तिथलं दहा सेंटचं नाणं हाती आलं तर उलटून पाहा, त्यावर दोन बोनफिश आहेत.

मासा फ्लायच्या मागे येतो, तोंडही लावतो, मी रॉड उचलतो आणि फ्लाय रिकामा वर येतो. चारदा असंच झालं.
*— न्यू जर्सी*

रॉड उचलता, तिथेच चुकतं. ट्राउट किंवा नदीतल्या माशाची सवय असलेल्या प्रत्येकाचं हेच होतं.

बोनफिशचं तोंड खालच्या बाजूला असतं. तो डोकं खाली करून फ्लाय तळाशी दाबतो आणि जिभेवरच्या व टाळूवरच्या दाणेदार दातांनी चिरडायला बघतो. त्या क्षणी रॉड वर उचलला की गळ ओठांतून सरळ वर निसटतो आणि दोन मीटर दूर उडतो. त्याऐवजी रॉडचं टोक पाण्याजवळ, लाइनच्या सरळ रेषेत ठेवा आणि डाव्या हाताने लाइन वीत-दोन वीत लांब, सलग ओढा. गळ रुतला तर हाताला जडपणा लागेल, मग रॉड उचला. नाही रुतला तरी फ्लाय फक्त फूटभर सरकलेला असतो. पळणारी कोळंबी वाटून मासा पुन्हा झडप घालतो.

त्याआधीची पायरीही नीट हवी. चालत्या माशाच्या दोन ते तीन मीटर पुढे, त्याच्या वाटेवर टाका. शेपटी वर करून खाणाऱ्याची नजर हातभरावरच असते, त्याच्या समोर जेमतेम मीटरभर अंतरावर टाका, तोही हलका फ्लाय. फ्लाय तळाला टेकू द्या. मासा जवळ आला की एक लांब, सावकाश ओढ. तो वळून मागे लागला की आखूड ओढी. तो थांबून डोकं खाली घालतो तेव्हा तुम्हीही थांबा, आणि मग वर सांगितलेली लांब ओढ. फ्लाय माशाच्या अंगावर धावून जाईल असा कधीच ओढू नका. कोळंबी माशावर चाल करून जात नाही. हे त्याला ठाऊक आहे आणि तो पळ काढतो.

गळ लागल्यावर माशाकडे बघू नका, पायाशी पडलेल्या लाइनकडे बघा. डाव्या हाताच्या बोटांचं कडं करा आणि सैल लाइन त्यातून जाऊ द्या. ती बुटाखाली, रीलच्या मुठीत किंवा शर्टाच्या बटणात अडकली की 12 पौंडांचा तंगूस कडकन तुटतो. म्हणून बोटीवर अनवाणी उभे राहणारे बरेच असतात, लाइन पायाखाली आली तर तळव्याला कळते. रीलचा ब्रेक आधीच वजनकाट्याने तपासून सुमारे सव्वा ते दीड किलोवर लावा, पहिल्या धावेत त्याला हात लावू नका. गाठी बांधताना थुंकीने ओल्या करून आवळा. कोरड्या आवळलेल्या गाठीत तंगूस तापतो आणि नेमका तिथेच तुटतो.

आमच्याकडे भाट्याच्या खाडीत सुकतीला एवढी पुळण उघडी पडते. तिथे हे जमणार नाही का? आणि भरतीचं गणित कीज-बहामातही आपलंच का?
*— रत्नागिरी*

उथळपणा आहे, पण पाण्यात आरपार दिसत नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या गाळ आणतात, खाडीचं तोंड वर्षातला बराच काळ गढूळ असतं. बहामात खरी नदीच नाही. तळ चुनखडीचा आणि त्यावर गवताची मुळं वाळू धरून ठेवतात, म्हणून तिथे मीटरभर पाण्यातला खेकडाही दिसतो. शिवाय मुंबईकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या पुढे चढतं, बहामात आणि कीजच्या समुद्राकडच्या बाजूला चढउतार सहसा मीटरभराच्या आत असतो. त्यामुळे तिथे एकाच पठारावर तासन्‌तास गुडघाभर पाणी टिकतं. आपल्याकडे ते बघता बघता डोक्यावर जातं किंवा चिखल उघडा पडतो.

भरतीचं गणित मात्र अर्धंच लागू पडतं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, अष्टमीला सहा वाजता, हा हिशेब मुंबई-कोकण किनाऱ्याचा आहे. कीजमध्ये तो चालत नाही. तिथे पुलाच्या एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला फ्लोरिडा उपसागर, आणि दोन्हीकडच्या वेळांत तासांचा फरक. ज्या फ्लॅटवर जाणार, त्याच्याच जवळच्या ठिकाणाचा तक्ता बघा. पण उधाण आणि भांग (कमी चढउताराची भरती) तिथेही आपल्यासारखेच, पौर्णिमा-अमावास्येला आणि अष्टमीला. उधाणाच्या भरतीत मासा थेट तिवरांच्या मुळांत शिरतो आणि तुमच्या हाती येत नाही. भांगाला पाणी सावकाश चढतं आणि चालत गरवणाऱ्याला जास्त वेळ मिळतो. आमचं मत विचाराल तर पहिल्या सहलीला भांगाचे दिवस घ्या. चढत्या पाण्याच्या पहिल्या दोन तासांत मासे चॅनेलमधून, म्हणजे खोल पाण्याच्या वाटेतून, पठारावर येतात, तेव्हा चॅनेलच्या तोंडाशी उभे राहा. सुकतीला तेच मासे त्याच वाटेने परततात.

ख्रिसमसच्या सुट्टीत कीजला गेलो तर?
*— टोरांटो*

तारीख नव्हे, पाण्याचं तापमान पाहून ठरवा. साधारण 22 ते 30 अंश सेल्सिअस पाण्यात बोनफिश उथळावर चरतो, 20च्या खाली गेलं की खोल पाण्यात उतरतो. उत्तरेची थंड लाट येऊन गेली की दोन-तीन दिवस फ्लॅट्स रिकामी असतात. जानेवारी 2010च्या थंडीत तर फ्लोरिडात बोनफिशसकट बरेच मासे मेले. तुमची सुट्टी ठरलेलीच असेल तर बहामाच्या दक्षिणेकडची बेटं बरी.

एवढा खटाटोप करून मासा सोडून द्यायचा? खात का नाहीत?
*— ठाणे*

हा प्रश्न सर्वांत जास्त पत्रांत होता! बहामात लोक खातात. पण काटे इतके बारीक आणि इतके, की काटेरी पाला मासा खाणाऱ्यालाही विचार करावा लागेल. 'बोन' हे नाव त्यावरूनच पडलं. फ्लोरिडात मात्र 2013पासून बोनफिश पकडून सोडणं बंधनकारक आहे. बहामात तो जाळ्याने धरणं आणि विकणं बेकायदा आहे. हिशेबही साधा आहे. एकच मासा पुन्हा पुन्हा गळाला लागतो आणि त्यावर गाइडचं घर चालतं. शिवाय अंडी घालायला हे मासे ऑक्टोबर ते एप्रिलदरम्यान, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, थव्याने खोल समुद्रात जातात आणि पिल्लं 41 ते 71 दिवस प्रवाहात वाहतात. म्हणजे एका बेटावरचं पिल्लू दुसऱ्याच बेटावर वाढू शकतं.

सोडण्याची पद्धत चुकली तर सोडूनही उपयोग नाही. गळाचा उलटा काटा पक्कडने आधीच दाबून टाका. मासा पाण्यातच ठेवा, ओल्या हातांनी पोटाखालून आधार द्या. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं की अंगावरचा चिकट थर निघतो. ओठ पकडायचा चिमटा वापरू नका, जबडा फाटतो. फोटो हवाच असेल तर कॅमेरा तयार झाल्यावर मासा उचला आणि दहा सेकंदांत परत खाली. हवेत जास्त वेळ राहिलेला मासा तोल जाऊन कलंडतो आणि असा मासा शार्क किंवा बॅराकुडा लगेच हेरतो. आसपास शार्क दिसत असेल तर खेळवत बसू नका. ब्रेक घट्ट करून मासा लवकर आणा किंवा तंगूस तोडून मोकळा करा.

परमिटसाठी परमिट लागतं का?
*— नाशिक*

प्रश्न गमतीत विचारला असला तरी उत्तर घ्या. परमिट हा बोनफिशच्याच फ्लॅट्सवर येणारा, पापलेटासारखा चपटा पण बराच मोठा मासा. काळी, विळ्यासारखी शेपटी ही त्याची खूण. परमिट रूमशी त्याचा संबंध नाही. फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात गरवायला परवाना लागतोच, मात्र परवानाधारक गाइडच्या बोटीवर असाल तर त्याच्या परवान्यात तुमचं भागतं. दक्षिण फ्लोरिडात 1 एप्रिल ते 31 जुलै परमिट ठेवता येत नाही, कारण तो अंडी घालण्याचा काळ. रॉड नऊ किंवा दहा वजनाचा आणि खोट्या कोळंबीऐवजी खोटा खेकडा न्या. तो फ्लाय ओढायचा नाही, तळाला पडू द्यायचा. आणि दहा बोनफिश मिळेपर्यंत परमिटच्या मागे लागू नका.

पाण्यात चालताना पाकट चावत नाही ना?
*— पुण्याच्याच दुसऱ्या वाचक*

पाकट चावत नाही, पाठीवर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवा, म्हणजे ते आधीच उठून जातं. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट घाला. तरीही काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टर गाठा. आणि तळ उकरत, मागे गढूळ रेघ सोडत जाणारं पाकट दिसलं तर त्याच्या पाठीकडे नीट पाहा. उठलेले किडे-खेकडे टिपायला बोनफिश आणि परमिट त्याच्या मागे मागे फिरतात.